थाळी वाजवलेली पोर

बॅटरीचं खेळणं घेऊन कुणी माझ्या घरी आलं तर मी ते दारातच परत करते. पाहुण्यांचा चेहरा पडतो. पडू दे. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, एवढं तिखट कशाला बोलता, खेळणंच तर आहे. मी म्हटलं, बसा, सांगते. त्यांना कुकर लावायचा होता, त्या गेल्या. म्हणून इथे लिहिते.

मी खेळण्यांच्या दुकानात वाढले. नांदेडला वडिलांचं कटलरीचं दुकान होतं. पुढे बांगड्या, टिकल्या, रिबिनी, आणि आतल्या भिंतीला खेळणी. नवरात्रात वडील माहूरच्या जत्रेत दुकानाचं पाल ठोकायचे. देवीचं दर्शन घेऊन उतरलेली माणसं पोरांसाठी काहीतरी घेतल्याशिवाय गाडीत बसायची नाहीत. त्या पालात बसून मला एवढं पक्कं कळलं, की तान्ह्या मुलासाठी खेळणं घेणारा माणूस ते स्वतःसाठी घेत असतो. आधी स्वतःच्या कानाशी खुळखुळा वाजवतो, स्वतःच हसतो, मग भाव करतो. ज्या बाळाला अजून मान धरता येत नाही त्याच्यासाठी बाप चावीची रेल्वे घेऊन जातो. मला राहवायचं नाही. मी सांगायची, बाळाच्या मुठीत बसेल असं घ्या, तोंडात पूर्ण जाणार नाही असं घ्या, धुता येईल असं घ्या, आणि आवाज मऊ असू द्या. गिऱ्हाईक चिडायचं. मग वडील मला बांगड्यांकडे बसवायचे.

लग्न होऊन मी लातूरला आले. सासरची डाळ मिल आहे आणि घर मिलच्या मागे, भिंतीला भिंत लावून. मिल सुरू झाली की घरातली फरशी थरथरते आणि तांब्यातलं पाणी हलत राहतं. त्या लोकांना त्याचं काहीच वाटत नाही. गावाकडे जमीन, इथे मिल, त्यामुळे माझ्या वडिलांचं दुकान त्यांच्या हिशेबी नव्हतंच. सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख ‘खेळण्यावाल्याची लेक’ अशी करून द्यायच्या. वर हसायच्या, म्हणजे मी रागावले तर माझीच चूक.

आता थाळीचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवतात. थाळी नीट वाजवली तर मूल पुढे कशाला दचकत नाही, धीट निघतं, असं मानतात. एखादं पोर फटाक्याला घाबरून आईच्या पदरात शिरलं की बायका विचारतात, ह्याची थाळी कुणी वाजवली होती? सासूबाईंचा या कामात हात धरणारं भावकीत कुणी नव्हतं, असं त्या स्वतःच सांगायच्या. पुतणे, भाचे, नातवंडं, सगळ्यांची थाळी त्यांनीच वाजवली होती. त्यांचं लग्नातलं काशाचं ताट देवघरात वेगळं ठेवलेलं असायचं, त्यात कुणाला जेवायला वाढायचे नाहीत.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी नांदेडला होते. मुलगी झाल्याचा फोन गेला आणि सासूबाई मिळेल त्या एसटीने ताट टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात हजर झाल्या. नर्सने त्यांना ताट बाहेर ठेवायला सांगितलं. त्या हो म्हणाल्या, नर्स वळेपर्यंत थांबल्या, आणि पळीने असं ताट बडवलं की पलीकडच्या खाटेवरचं बाळ किंचाळत उठलं. माझं बाळ शांत पडून होतं. पापणी हलली नाही. मला टाके दुखत होते, ते ताट खिडकीतून फेकावंसं वाटत होतं, एवढंच आठवतं. सासूबाई मात्र वॉर्डभर फिरून सांगत होत्या, माझी नात बघा, जरा तरी हलली का.

बाळ थोडं मोठं झाल्यावर माहेरून बाळंतविडा घेऊन मला लातूरला पोचवायचं ठरलं. आईने हौसेने सगळं केलं होतं. अंगडी, टोपडी, दुपटी, जुन्या रेशमी साड्यांच्या चिंध्या भरून शिवलेल्या चिमण्यांचं चिमणाळं, पाळण्यावर बांधायला. वडिलांनी लाकडाचा खुळखुळा निवडला होता. रंग चाटला तरी निघणार नाही असा, मूठ बारीक, आवाज हलका. दुकानातला सगळा माल पालथा घालून त्यांनी तो निवडला होता, मी बघत होते.

सासूबाईंनी सगळा बाळंतविडा शेजारणींसमोर दिवाणावर मांडला. चिमणाळं दोन बोटांत उचललं आणि विचारलं, चिंध्या का? खुळखुळा हलवला आणि म्हणाल्या, ह्याला काही आवाजच न्हाई की. संध्याकाळपर्यंत दोन्ही वस्तू माळ्यावर गेल्या. पुण्याला माझी नणंद असते, तिने खोकंच्या खोकं पाठवलं होतं. लाल-निळे दिवे लागणारं बदक, दिव्यांची चटई, पाळण्यावर गरगरणारा दिव्यांचा झुंबरासारखा प्रकार. सगळ्यांना बॅटऱ्या. एक बटण दाबलं की दिवे लागायचे आणि परदेशी गाणं कर्कश वाजायचं. नणंद रोज फोनवर व्हिडिओ कॉल करून विचारायची, बदक आवडलं का? सासूबाई बदक बाळापुढे धरायच्या, बाळ त्याच्याकडे टकामका बघायचं, हात उडवायचं, आणि दोघी मायलेकी खूश.

मला तो आवाज सहन व्हायचा नाही. मी खुळखुळा माळ्यावरून काढला आणि बाळाच्या मागून वाजवला. तिने मान वळवली नाही. मी पुढे येऊन वाजवला, तर तिने हात पुढे केला. मागून पुन्हा वाजवला. काही नाही. पालात इतकी तान्ही मुलं बघितली होती. मागून खुळखुळा वाजला की मान वळवता न येणारं मूलसुद्धा डोळे फिरवतं, दूध पिणं थांबवतं, काहीतरी करतं. संध्याकाळपर्यंत मी मागून खुळखुळा वाजवतच राहिले.

नवऱ्याला सांगितलं. तो मिलचा हिशोब बघतो, त्याला सगळं एका वाक्यात संपवायची सवय आहे. तो म्हणाला, मिल सुरू झाली की उठते की रोज, बहिरी कशी असेल? आणि ते खरं होतं. सकाळी मिल सुरू व्हायची आणि गोधडीवर झोपलेली पोर हातपाय ताणून उठायची. दोन दिवस ते उत्तर मी मानलं. तिसऱ्या दिवशी तिला गोधडीवर टाकण्याऐवजी साडीच्या झोळीत झोपवलं आणि झोळी हलणार नाही अशी धरून उभी राहिले. मिल सुरू झाली. खिडकीची काच वाजायला लागली, फरशी माझ्या तळपायाला थरथरत होती, आणि झोळीतली पोर गाढ झोपलेली. तिला मिल ऐकू येत नव्हती. तिला फरशी कळत होती.

मग मी बदक घेतलं. दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली आणि नवऱ्याला समोर बसवलं. बटण दाबलं. गाणं सुरू झालं, इतक्या जोरात की त्याने स्वतःच कपाळाला आठी घातली. बाळ आपल्या पायाचा अंगठा बघत होतं. मी पट्टी काढली, दिवे दिसले आणि बाळ हसलं. आता तरी या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडेल असं मला वाटलं. तो म्हणाला, आधी बॅटरी उतरली असेल. गाणं ऐकून ज्याच्या कपाळाला आठी पडली होती, तोच माणूस असं म्हणाला. त्या क्षणी मला तो जितका नकोसा झाला तितका कधीच झाला नव्हता.

लस द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांना मी विचारलंच. त्यांनी तिच्या मागे किल्ल्यांचा जुडगा वाजवून बघितला, पुन्हा वाजवला, आणि म्हणाले की कानाची तपासणी लवकर करून घ्या. मूल ऐकेल तर बोलेल, आणि ऐकण्याचे हे पहिले महिने हातचे गेले तर बोलणंही मागे पडतं, नंतर भरून काढणं अवघड जातं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी शब्दन् शब्द ऐकला. रिक्षात बसल्यावर पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, “हे घरात बोलायचं न्हाई. पोरीची जात हाय. एकदा बहिरी म्हणून नाव पडलं की मग कोण दारात येत न्हाई. थाळी मी वाजवली हाय, धीट हाय ती.”

तेव्हापासून मला एकटीने बाहेर सोडणं बंद झालं. बाळाला घेऊन एकटीने कुठे जायचं म्हटलं की कुणीतरी सोबत यायचं, आणि सोबत आलेलं माणूस दवाखान्याच्या उलट्या बाजूला रिक्षा वळवायचं. नवरा म्हणायचा, वर्षभर थांबू, आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलतात. उशिरा बोलतात म्हणे. त्या घरात बोलायला कुणाला उशीर झालेला मी बघितला नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली आणि म्हणाली, “भांडून राहिलीस का तिकडं? नीट समजावून सांग त्यायला.” समजावून सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. इकडे महिने जात होते आणि बदक रोज वाजत होतं.

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, ते सातव्यात ठरलं. उष्टावणाला मामाने पहिला घास भरवायचा असतो, म्हणजे माझा भाऊ नांदेडहून गाडी घेऊन येणार होता. हे कळल्यावर मी शांत झाले. सासूबाईंना वाटलं, सून लायनीवर आली. त्यांनी हौसेने भावकीला बोलावणं धाडलं. किल्लारीकडचे चुलत दीर, देगलूरची मावससासू, मिलमधली जुनी माणसं, गल्लीतल्या बायका, सगळी बैठकीत दाटीवाटीने बसली. त्या दिवशी मिलला सुट्टी होती. फरशी गप्प होती.

आमच्यात घास भरवायच्या आधी बाळापुढे वस्तू मांडतात आणि ते कशाला हात लावतं ते बघतात. पाटावर पेन होतं, पुस्तक होतं, सोन्याची अंगठी होती, मिलवाल्यांचं घर म्हणून वाटीत तुरीची डाळ होती. सासूबाईंनी मध्यभागी नणंदेचं बदक ठेवलं आणि बटण दाबलं. नणंद पुण्याहून फोनवर बघत होती, फोन एका भिंतीशी टेकवून ठेवला होता. माझ्या आईच्या बाळंतविड्यातलं त्या पाटावर काही नव्हतं. बाळ भावाच्या मांडीवर बसून बदकाच्या दिव्यांकडे बघत होतं आणि सगळे तिच्या हाताकडे.

मी देवघरात गेले. सासूबाईंचं काशाचं ताट काढलं, पळी घेतली आणि भावाच्या पाठीमागे येऊन उभी राहिले. कुणाचं लक्ष नव्हतं. जेवढा जोर हातात होता तेवढ्या जोराने ताट वाजवलं.

देगलूरच्या मावससासूच्या हातातला चहा पातळावर सांडला. एक चुलत दीर बसल्या जागी उसळला. दोन पोरं रडायला लागली. नवरा दारात उभा होता, तो मागे सरकला. फोनमध्ये नणंदसुद्धा दचकली, मला दिसली. माझी पोर बदकाचे दिवे बघत होती. मी परत वाजवलं. तिने हात पुढे केला आणि बदकाची चोच धरली.

सासूबाई हसल्या. त्यांना वाटलं मी त्यांचीच थाळी सगळ्यांना दाखवते आहे. त्या कौतुकाने बायकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, “बघा. कशाला दचकत न्हाई. लई धीट हाय.”

“आत्याबाई,” मी सासूबाईंना म्हटलं, “तुम्ही दचकलात. मीच वाजवत होते तरी मी दचकले. ती एकटीच दचकली नाही. ती धीट नाही. तिला ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत आहे आणि ह्यांनाही माहीत आहे.”

खोलीत फक्त बदकाचं गाणं चालू होतं. कुणालाही ते बंद करायचं सुचेना. मग मावससासूने पदराने चहा पुसत पुसत हळूच विचारलं, किती दिवसांपासून? त्या एका प्रश्नाने सासूबाईंचा चेहरा जो उतरला तो मी विसरणार नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा आनंद झाला. त्या ताटाकडे हात करून म्हणाल्या की हिने माझ्या नातीचं नाव पाडलं, भर भावकीत पाडलं, दुष्मन बाई हाय ही. मी ताट त्यांच्या हातात दिलं. बाळाची दुपटी, बाटली आणि वडिलांचा खुळखुळा पिशवीत भरला. भाऊ गाडी काढायला गेला. पोरीला घास भरवायचा राहिला, तो तिच्या मामाने वाटेत अहमदपूरला गाडी थांबवून भरवला.

नांदेडला कानाच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. वायरी लावून, झोपवून, परत परत. थोडं ऐकणं शिल्लक होतं, बाकी गेलेलं होतं. दोन्ही कानांना मशीन लावायचं आणि रोज समोर बसून बोलायचं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. उशीर झाला आहे, पण फार नाही, असंही त्या म्हणाल्या. फार नाही, हे दोन शब्द मी घट्ट धरून ठेवले. जो झाला तो उशीर कुणी केला, ते मला माहीत होतं.

पोरीला मशीन लागल्यावर काही आठवड्यांनी नवरा नांदेडला आला. दुकानात वडिलांसमोर खाली मान घालून बसला होता. मी त्याला चहाही विचारला नाही. तो स्वतःहून उठला, बाळाच्या मागे गेला आणि तिला हाक मारली. ती वळली. पटकन नाही, पण वळली. तो रडायला लागला. मी त्याला म्हटलं की रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, ती आता ऐकते. नंतर पुष्कळ बोलणी झाली आणि मी लातूरला परत गेले. पोरीचे कान माझ्या हातात राहतील, त्यात कुणी बोलायचं नाही, एवढं कबूल करून घेऊन गेले. माफ केलं म्हणून गेले असं कुणी समजू नये.

बदक मी कचऱ्याच्या गाडीत टाकलं. चटई, झुंबर, सगळं. नणंदेला वाईट वाटलं, ती अजून माझ्याशी बोलत नाही, बरं चाललं आहे. माळ्यावरचं चिमणाळं झटकून पाळण्यावर बांधलं. मी रोज समोर बसून चिमण्यांची नावं घ्यायची, लाल चिमणी, पिवळी चिमणी, खुळखुळा इकडून, खुळखुळा तिकडून, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून तोंड हलवायची. हे खेळणं कुठल्याच दुकानात मिळत नाही, माझ्या वडिलांच्यासुद्धा नाही.

एका दुपारी मी ओट्याशी भाकरी थापत होते. पोर खाली बसली होती, कानात मशीन, हातात खुळखुळा. सासूबाई देवघरातली भांडी घासून पुसत होत्या. त्यांच्या हातातून ताट निसटलं आणि फरशीवर पडून वाजत राहिलं. पोरीचं सगळं अंग उडालं. दोन्ही हात वर गेले, ओठ वाकडे झाले आणि तिने भोकाड पसरलं. फरशीच्या थरथरीला ती कधी रडली नव्हती.

सासूबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, “किती धीट होती. दचकायली बघ आता. काय करून ठेवलंस पोरीचं.”

मी पिठाचे हात धुतले. ताट उचललं. पोरीला उचलायच्या आधी ते एकदा हातातून सोडलं, मुद्दाम, त्यांच्या पायाशी. पोर पुन्हा दचकली, आणखी मोठ्याने रडली, आणि मग मी तिला कडेवर घेऊन ती गप्प होईपर्यंत तिच्या कानाशी बोलत राहिले.